मार्क नॉफ्लरचा ‘गेट लकी’ म्हणजे साठीतली उजळणीच आहे का?

आपण विचारले आहे की, मार्क नॉफ्लर या ब्रिटिश गायक-गिटारवादकाच्या डायर स्ट्रेट्स या रॉक बँडची गाणी तरुणपणी मनापासून ऐकलेल्या माणसाने नॉफ्लरचा २००९ सालचा ‘गेट लकी’ हा अल्बम आता ऐकावा का, की साठीला आलेल्या कलावंताने जुन्या पुण्याईवर काढलेला तो एक आठवणींचा संग्रह आहे. मी अंबाजोगाईला राहतो, संगीताचे रीतसर शिक्षण माझे झालेले नाही. मात्र हा अल्बम गेली कित्येक वर्षे ऐकत आलो आहे, आणि तेवढ्याच अधिकारावर हे उत्तर लिहीत आहे.

ऐकावा, पण जुनी अपेक्षा बाजूला ठेवून. १९८८ च्या सुमारास औरंगाबादला शिकत असताना आम्ही वसतिगृहातल्या चौघांनी वर्गणी काढून डायर स्ट्रेट्सच्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’ या अल्बमची कॅसेट भरून घेतली होती. दुकानदाराने आरंभी स्वतःच्या पसंतीची दोन हिंदी गाणी भेट म्हणून भरून दिली, त्यामुळे जागा कमी पडली आणि शेवटी येणारे शीर्षकगीत गिटार भरात आली की खट् आवाज करून तुटत असे. आजही ते गाणे पूर्ण ऐकताना त्या जागी माझा कान थबकतो. ती गिटार शोधायला आपण ‘गेट लकी’कडे जाल, तर निराश व्हाल. डायर स्ट्रेट्स १९९५ मध्ये विसर्जित झाला, आणि पुढच्या वर्षापासून नॉफ्लर एकट्याच्या नावाने अल्बम काढू लागला. ‘गेट लकी’ हा त्यांतला सहावा. यात बासरी आहे, फिडल आहे, अ‍ॅकॉर्डियन आहे, आणि या सर्वांमध्ये गिटार घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी मोजकेच बोलते. नॉफ्लरची वादनाची तऱ्हा मात्र तीच आहे, म्हणजे पट्टी न वापरता बोटांनीच तारा छेडण्याची.

आता आठवणींविषयी. यातले स्मरणरंजन स्वतःच्या कीर्तीचे नाही. भरलेली मैदाने, जुने सोबती, गाजलेले दिवस यांचा त्यात मागमूसही नाही. आठवण आहे ती स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत जन्मलेल्या आणि सातव्या वर्षाच्या आसपास इंग्लंडमधल्या न्यूकॅसलकडे आलेल्या मुलाच्या, म्हणजे खुद्द नॉफ्लरच्या, भोवती जी माणसे कामे करत होती त्यांची. पहिलेच गाणे १९६९ सालच्या एका ट्रकचालकाचे आहे, आणि त्याचा ट्रक ग्लासगोच्या स्कॉट्सटन भागातल्या कारखान्यात तयार झालेला अ‍ॅल्बियन आहे. ती कंपनी १९५१ मध्ये लेलँडने विकत घेतली, आणि त्याच लेलँडचे नाव पुढे आपल्या एसटीच्या बसच्या तोंडावर आले. त्यामुळे ज्याने लेलँडच्या घरघरीत लातूर-औरंगाबाद प्रवास केला आहे, त्याला त्या चालकाचा आपल्या गाडीविषयीचा अभिमान वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘मॉन्टेलिओन’ हे गीत न्यूयॉर्कजवळच्या एका गिटार घडवणाऱ्या कारागिराविषयी आहे. ते तीन मात्रांच्या झुलत्या चालीत, बरेचसे आपल्या दादऱ्यासारखे, पुढे सरकते आणि त्यात पटाशी आणि लाकडाचा भुसा यांना जेवढा मान मिळाला आहे, तेवढा वाजवणाऱ्याला मिळालेला नाही.

‘गेट लकी’ या शीर्षकगीताविषयी माझे मत थोडे गुंतागुंतीचे आहे. उन्हाळ्यात जत्रेत राबणारा, दक्षिणेकडे फळे तोडायला जाणारा, थंडी पडली की पाखरांबरोबर निघून जाणारा एक फिरस्ता त्यात बोलतो. एका वर्षी दसऱ्यानंतर धारूरच्या घाटात माझ्या गाडीपुढे ऊसतोड मजुरांचा ट्रॅक्टर होता. मागच्या ट्रॉलीत वळकट्या, हंडे, कोयत्यांचे बोचके, एक शेळी, आणि त्या सगळ्यावर पोत्याच्या उशीवर झोपलेले चार-पाच वर्षांचे पोर होते. घाटात पुढे जाता येत नव्हते, आणि माझ्याकडे नेमके हेच गाणे लागले होते. गाण्यातला माणूस ऋतू पाहून निघतो, पुढच्या ट्रॉलीतली माणसे मुकादमाची उचल फेडायला निघाली होती. त्या दिवसापासून ते गाणे मला गोड वाटते, खरे पूर्णपणे वाटत नाही. अर्थात नॉफ्लरने ते बीड जिल्ह्यासाठी लिहिलेले नाही, हे मला मान्य आहे.

‘सो फार फ्रॉम द क्लाइड’ या दहाव्या गाण्यात मात्र तो गोडवा गळून पडतो. ग्लासगोच्या क्लाइड नदीवर बांधलेले एक जहाज आयुष्याच्या शेवटी दूरच्या किनाऱ्यावर मुद्दाम चढवले जाते आणि मग माणसे त्याचे तुकडे करतात, एवढेच त्यात घडते. गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीचा फायदा घेऊन १९८३ पासून जहाजे अशीच वर घेतली जातात. आवाज कुठेही न चढवता, एखाद्या पंचनाम्याइतक्या शांतपणे नॉफ्लरने ते सांगितले आहे. त्यानंतरचे अखेरचे गाणे त्याच्या मामाचे: टाइनसाइड स्कॉटिश पलटणीतला हा पायपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारा, मे १९४० मध्ये फ्रान्समध्ये आरासजवळ, अवघ्या विसाव्या वर्षी, बॅगपाइप बरोबर असतानाच मारला गेला. नॉफ्लरचा जन्म १९४९ चा, म्हणजे त्याने हा मामा पाहिलाच नव्हता. न पाहिलेल्या माणसाची आठवण घरात आईच्या बोलण्यातूनच येते, आणि ते गाणे ऐकताना नेमके तसेच वाटते.

सगळीच गाणी या तोलाची नाहीत. ‘यू कान्ट बीट द हाउस’ हा साधा ब्लूज आहे आणि मोटारींच्या शर्यतीचे गाणे मी बहुतेक वेळा पुढे ढकलतो. आपण सुरुवात शेवटच्या दोन गाण्यांपासून करावी, आणि ती घरी, रात्री, पंखा बंद करून ऐकावीत. आमच्याकडच्या रस्त्यांवर गाडीत बासरी ऐकू येत नाही, नुसता डॅशबोर्ड वाजतो.