सांताने टूथब्रश आणला, आणि मुलगा रुसला

ब्रिटनमधल्या मराठी पालकांकडून नोव्हेंबर उजाडला की एक प्रश्न हमखास येतो. मुलांच्या ख्रिसमस स्टॉकिंगमध्ये, म्हणजे सांताच्या छोट्या भेटी भरायच्या त्या मोठ्या मोज्यात, पायमोजे, टूथब्रश, पेन्सिली अशा रोजच्या उपयोगाच्या वस्तू घातल्या तर चालतं का? घरात प्लास्टिकचा पसारा नको, पैसे उधळायचे नाहीत आणि मुलांचा हिरमोडही व्हायला नको, अशी ती तिहेरी अडचण असते. खालची केस दोन-तीन घरांतले प्रसंग एकत्र करून लिहिली आहे, म्हणजे कुणाची ओळख पटणार नाही.

कुटुंब पुण्याहून येऊन दक्षिण इंग्लंडमध्ये स्थिरावलेलं. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. नाताळ घरात शाळेतून आलेला, पण आता दिवाळीइतकाच पक्का. मुलाच्या स्टॉकिंगमध्ये त्या वर्षी होतं ते असं: टूथब्रश आणि पेस्ट, शाळेच्या करड्या मोज्यांचे तीन जोड, पेन्सिलींचं पाकीट, पाढ्यांची कार्डं, शॅम्पू, पाण्याची बाटली आणि तळाशी एक क्लेमेंटाइन संत्रं. त्याने सगळं बाहेर काढलं, ‘थँक यू’ म्हणाला आणि सगळं परत आत भरून ठेवलं. रात्री झोपताना त्याने आईला विचारलं, ‘‘मी या वर्षी सांताच्या वाईट मुलांच्या यादीत होतो का?’’

आई दुखावलेली होती. ‘‘ख्रिसमसच्या झाडाखाली त्याला हवा तोच लेगोचा मोठा सेट ठेवला होता हो. मग स्टॉकिंगचं एवढं काय?’’ बाबांचं म्हणणं वेगळं. ‘‘आम्हाला दिवाळीला नवे कपडे आणि साबणाची वडी मिळायची. त्यातच आम्ही खूश असायचो. यांना सगळं मिळतं म्हणून हे चोचले.’’

बाबांच्या बोलण्यात निम्मं उत्तर होतं, फक्त ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. दिवाळीतला तो मोती साबण आठवून पाहा. साबण ही घरातली सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत नीरस वस्तू. पण ती वडी आकाराने मोठी, गोल, वेगळ्या वासाची आणि वर्षातून एकदाच उघडली जाणारी. पहाटेच्या अंघोळीला बाबांना जर नेहमीचीच वडी कागदात गुंडाळून दिली असती, तर ती त्यांना आज आठवली नसती. वस्तू उपयोगी असण्यात अडचण नाही. ती रोजचीच असली, तिच्यात काहीच वेगळं नसलं, की अडचण होते.

म्हणून अशा पालकांना यादीतल्या एकेका वस्तूवर बोट ठेवून एक प्रश्न विचारायला सांगतो: नाताळ नसता, तर जानेवारीत हीच वस्तू, याच रंगाची, तुम्ही आणलीच असती का? उत्तर ‘हो’ आलं तर ती मुलाच्या हक्काची वस्तू आहे. शाळेचे करडे मोजे देणं हे पालकांचं कामच. ते सांताच्या नावाने दिले की मुलाला हिशोब बरोबर कळतो: एक भेट कमी झाली आणि आईची एक खरेदी वाचली.

दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे: ही वस्तू मुलाला सुधारण्यासाठी आहे का? या घरात खरा काटा तोच होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलाचा दात किडल्यामुळे भरून घ्यावा लागला होता. नोव्हेंबरमधल्या पालकसभेत पाढे कच्चे असल्याचं शिक्षिकेने सांगितलं होतं. आईला यातलं काही सुचवायचं नव्हतं. तिने सुपरमार्केटच्या एका फेरीत सगळं उचललं होतं. पण मुलाने टूथब्रश आणि पाढ्यांची कार्डं शेजारी ठेवली आणि त्याला सरळ अर्थ लागला. वाईट वागणाऱ्या मुलांच्या स्टॉकिंगमध्ये सांता कोळसा टाकतो, हे त्याने शाळेत ऐकलेलं होतंच. न मागितलेला डिओडरंट, मुरुमांचा फेसवॉश, वजनाच्या बोलण्यानंतर आलेली उडी मारायची दोरी, हे सगळे याच जातीचे. वस्तू चांगल्या आहेत, पण त्या एखाद्या साध्या मंगळवारी संध्याकाळी, बोलून, हातात द्याव्यात.

वयाचा फरक मोठा आहे आणि तो सरळ रेषेत चालत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला स्पंज आणि खेळणं यात भेद नसतो. स्वतःचा छोटा ब्रश आणि सुपली मिळाली तरी स्वारी खूश. पाच-सहा वर्षांच्यांना ‘मोठ्या माणसांची’ वस्तू स्वतःची म्हणून मिळाली की भारी वाटतं. अवघड टप्पा साधारण सात ते दहाचा. किंमत कळू लागलेली असते, सांतावरचा विश्वास डळमळू लागलेला असतो आणि जानेवारीत वर्गात ‘तुला काय मिळालं?’ हा प्रश्न येणार हे माहीत असतं. बारा-तेरानंतर मात्र गंमत होते: चांगले जाड मोजे, लिप बाम, लांब चार्जिंग केबल, केसांचे रबर याच गोष्टी मुलं स्वतः मागतात. म्हणजे त्याच मोज्यांवर नऊ वर्षांचा रुसतो आणि चौदा वर्षांची ते लगेच पायात घालते.

स्टॉकिंगचं घरातलं काम काय असतं, हेही पाहायला हवं. अनेक इंग्लिश घरांत ते पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं जातं, म्हणजे मूल पहाटे जागं झालं की आईबाबांना न उठवता तासभर रमतं. मोठ्या भेटी नंतर, झाडाखाली. तेव्हा आतली वस्तू मुलाला एकट्याने, अंथरुणात बसून, कात्रीशिवाय उघडता आणि वापरता आली पाहिजे. पाण्याची बाटली आणि शॅम्पू इथेच नापास होतात, पहाटे साडेपाचला त्यांचं करायचं काय? टॉर्च मात्र पहिल्या नंबराने पास. लंडनला २५ डिसेंबरला सूर्य आठनंतर उगवतो. तोवर पांघरुणाखाली टॉर्चचंच राज्य.

आईबरोबर बसून पुढच्या वर्षाची यादी केली ती अशी. प्रत्येकी दहा वस्तू, त्यांतल्या चार उपयोगी, दोन खाऊच्या, बाकी निव्वळ गंमत. मुलासाठी उपयोगी चार: डोक्याला बांधायचा टॉर्च, तीन मीटरची खिशात मावणारी मोजपट्टी, आकड्यांचं छोटं कुलूप आणि सायकलची घंटी. मुलीसाठी: जखमेवर लावायच्या चित्रांच्या चिकटपट्ट्यांचा डबा, तिची स्वतःची सेलोटेपची गुंडाळी, मऊ केसाळ मोजे आणि अंघोळीच्या पाण्यात रंग सोडणाऱ्या गोळ्या. सेलोटेप पाहून बाबा हसले. पण या वयाच्या मुलांना घरात सतत ‘टेप संपवू नकोस’ हे ऐकावं लागतं. पूर्ण गुंडाळी, विचारल्याशिवाय वापरायची मुभा, हे त्यांच्या लेखी केवढं तरी आहे. जखमेवरच्या चिकटपट्ट्यांचंही तेच. डबा दोन दिवसांत खेळण्यातल्या भालूच्या अंगावर संपणार हे गृहीत धरा, आणि ‘वाया घालवलंस’ म्हणू नका. बाबांना मोजे हवेच होते, तर तीन जोडांचं पाकीट फोडायचं, डायनासोरचा एक जोड स्टॉकिंगमध्ये आणि उरलेले दोन गुपचूप खणात. पाकिटासकट दिलेले मोजे दुकानातूनच आलेले दिसतात.

भरण्यातही चुका होतात. साबण किंवा अंघोळीच्या गोळ्या चॉकलेटला खेटून ठेवल्या तर रात्रभरात चॉकलेटला वास लागतो. सुगंधी वस्तू झिपच्या पिशवीत घाला. स्टॉकिंग रेडिएटरवर किंवा पेटत्या शेगडीपाशी टांगलं की चॉकलेटची नाणी मऊ होऊन वर्खाला चिकटतात. क्लेमेंटाइन २४ तारखेच्या रात्रीच घाला. आठवडाआधी भरून ठेवलं तर कधीकधी बुरशी मोज्यांपर्यंत पोहोचते. टाचेत मऊ गुंडाळलेलं काही, वरच्या नळीत चपट्या वस्तू उभ्या, आणि काठाबाहेर डोकावणारी एक. जड वस्तू आत नको, विणलेलं स्टॉकिंग लांबतं आणि खिळ्यावरून निसटतं. प्रत्येक वस्तू वेगळ्या पातळ कागदात, टेपचा एकच तुकडा लावून गुंडाळा, कारण उलगडण्यातच निम्मा वेळ मजेत जातो. किमतीचा स्टिकर नखाने काढला तरी खूण उरते. केस सुकवायच्या यंत्राची गरम हवा अर्धा मिनिट द्या, तो अख्खा निघतो. टॉर्चमध्ये सेल आधीच घालून, लावून पाहा. नाताळच्या दिवशी इंग्लंडमध्ये मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात.

सेलवरूनच पुढचं, इथे मात्र तडजोड नाही. चमकणाऱ्या स्वस्त वस्तूंत बटणाएवढे चपटे सेल असतात. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोनेक तासांतच आतून गंभीर भाजू शकतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं नसेल तर ती वस्तू घेऊच नका, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता, उलटी न करवता थेट रुग्णालय गाठा. सुटी छोटी शक्तिशाली चुंबकं नकोत. परंपरेने स्टॉकिंगमध्ये घालतात ते अख्खे अक्रोड-बदाम पाच वर्षांखालच्या मुलांसाठी नकोत, घशात अडकतात. आणि मोठ्याच्या स्टॉकिंगमधलं धाकटीच्या हातात जाणारच, तेव्हा दोन्ही स्टॉकिंग धाकटीच्या वयाच्या हिशोबाने तपासा. तिचा सहावा वाढदिवस उन्हाळ्यात होता, तरी अक्रोड एक वर्ष आणखी थांबवले. टूथपेस्ट द्यायचीच असेल तर ट्यूबवरचं कार्टून नंतर पाहा, आधी फ्लोराइडचा आकडा पाहा: सात वर्षांवरच्या मुलांसाठी १३५० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग), त्याहून लहानांसाठी निदान १०००.

आता झालेल्या रुसव्याचं काय? आईने आधी जे केलं होतं ते बहुतेक पालक करतात: ‘‘कितीतरी मुलांना एवढंही मिळत नाही.’’ हे खरं असलं तरी त्या क्षणी मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपण वाईट यादीत तर होतोच, वर कृतघ्नही आहोत. त्याऐवजी बहीण समोर नसताना तिने त्याला विचारायचं ठरलं, की त्या वस्तू पाहून त्याला काय वाटलं. उत्तर अडवायचं नाही, सफाई द्यायची नाही. मग एकच वाक्य: ‘‘टूथब्रश आणि पाढ्यांची कार्डं मी निवडली होती, तू वाईट आहेस म्हणून नव्हे, घाईत.’’

आईला धास्ती होती की यात सांताचं बिंग फुटेल. मुलगा शांतपणे म्हणाला, ‘‘मला माहीत होतं. शॅम्पूवर आपल्या नेहमीच्या दुकानाचा पिवळा स्टिकर होता.’’ या वयातल्या मुलांना बरेचदा आधीच कळलेलं असतं, आणि घरातल्यांची मजा जाऊ नये म्हणून तीच गप्प असतात. मग वाईट यादीचा प्रश्न त्याने का विचारला? सांता नाही हे डोक्याला कळलं तरी ‘आईबाबांना मी कसा वाटतो’ हे विचारायला सांताइतका सोपा आडोसा नाही.

त्यानंतर त्याला बढती दिली. बहिणीच्या स्टॉकिंगमधल्या दोन वस्तू तो निवडणार, पाच पौंडांत, आणि गुपित राखणार. पहिल्या वर्षी बहुतेक मुलं स्वतःला आवडेल तेच उचलतात. तेव्हा दुकानात जाण्याआधी त्याने दोन दिवस बहिणीवर लक्ष ठेवायचं आणि ती कशासाठी हट्ट करते ते लिहून आणायचं, असं सांगितलं. सेलोटेप आणि चिकटपट्ट्या यादीत आल्या त्या याच कागदावरून.

दोन्ही स्टॉकिंगमधल्या वस्तूंची संख्या सारखी ठेवा, किंमत नव्हे. दहापर्यंतची मुलं नगच मोजतात. आणि महागडी वस्तू सांताच्या नावावर घालू नका, ती आईबाबांकडून द्या. नाहीतर जानेवारीत वर्गात एकाला सांताने टॅब्लेट दिलेला असतो आणि दुसऱ्याला पेन्सिल, आणि त्या दुसऱ्या मुलाला याचा अर्थ समजावणारं घरी कुणी नसतं. ज्या घरात खरंच हात आखडलेला आहे तिथे शाळेचे मोजे स्टॉकिंगमध्ये जाणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दहातल्या दोनच वस्तू तशा ठेवा, त्या मधोमध लपवा, आणि सगळ्यांत वर काहीतरी निरुपयोगी, चकचकीत असू द्या.

बाबांची एक शंका शेवटपर्यंत उरली: मुलगा एवढं सगळं करूनही कुलूप खणात टाकून देईल. त्यावर उपाय म्हणजे जानेवारीच्या अखेरीस खण उघडून पाहायचा आणि वापरलेल्या-न वापरलेल्या वस्तू फोनवर टिपून ठेवायच्या. नोव्हेंबरमध्ये आठवणीवर विसंबलं की खरेदी पुन्हा दुकानातल्या त्याच कप्प्यासमोर होते. पहिल्या टिपणात मोजपट्टी, टॉर्च आणि टेप वापरात होते. सायकलची घंटी पाकिटातच होती, कारण ती बसवायला लागणारा स्क्रूड्रायव्हर बाबांच्या पेटीत होता आणि पेटीला हात लावायची मुलाला परवानगी नव्हती.