पोटातली कालवाकालव आणि हातातले काम

सांगली
आषाढ शुद्ध एकादशी

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात रुजू होऊन तुला चारच महिने झाले आहेत, आणि दुसऱ्याचे दुःख समजून घेणारा माणूस समाधानी असतो असे मी वर्गात सांगत असे, ते आठवून तू विचारतेस की मग तुला रात्री झोप का लागत नाही. तुझा प्रश्न रास्त आहे. माझे सांगणे चुकीचे नव्हते, पण अर्धवट होते, आणि उरलेला अर्धा भाग मला फार उशिरा, महापुरात कळला.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५७ फुटांपर्यंत चढले, तेव्हा एका शाळेतल्या पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात मी मदतीला होतो. पहिले दोन दिवस मी केवळ ऐकत होतो. सांगलीवाडीच्या एका बाईंची म्हैस दावणीलाच राहिली होती. त्यांचे बोलणे ऐकता ऐकता मला इतके भरून आले की शेवटी त्यांनीच मला पाणी आणून दिले आणि माझी समजूत घातली. त्या क्षणी मला शरम वाटली, कारण माझ्या रडण्याने त्यांच्या डोक्यावरचे ओझे वाढले होते. तिसऱ्या दिवशी कोणीतरी माझ्या हाती वही दिली. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या पाण्याखालच्या घरात राहिलेल्या वृद्धांची नावे, गोळीचे नाव माहीत नसेल तर तिचा रंग, ती सकाळी घेतात की रात्री, हे सारे लिहून घ्यायचे आणि डॉक्टरांना दाखवून गोळ्या मिळवून द्यायच्या, एवढेच ते काम होते. दुःख तेच होते, माणसेही तीच होती, पण त्या रात्री मला शांत झोप लागली.

याचे कारण मला पुढे वाचनातून उमगले. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधिकांनी काही स्वयंसेवकांना इतरांची वेदना स्वतःच्या मनात जागवण्याचा सराव दिला, तेव्हा पीडितांची चित्रफीत पाहताना त्यांची उदासी वाढली. त्याच लोकांना पुढे करुणेचा, म्हणजे समोरच्याचे भले व्हावे ही इच्छा मनात धरण्याचा सराव दिला, तेव्हा तशाच चित्रफिती पाहतानाही त्यांच्या मनात सुखद भावना वाढल्या, आणि मेंदूतील हालचालही वेगळ्या भागांत दिसली. आपल्या भाषेत सांगायचे तर पोटात कालवणे वेगळे आणि कणव येऊन हात पुढे होणे वेगळे. तू पहिल्या पायरीवर थांबली आहेस. ती पायरी वाईट नाही, तिच्यावाचून दुसरी येत नाही. पण तिथेच मुक्काम केला तर माणूस खचतो, आणि काही वर्षांनी निबर होतो. मला तुझ्याबाबत भीती वाटते ती त्या निबरपणाची.

हात पुढे करायचा म्हणजे फार मोठे काही करायचे, असे मानू नकोस. एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कॅनडातील एक प्रयोग प्रसिद्ध केला. सकाळी काही जणांना ५ तर काही जणांना २० डॉलर दिले आणि संध्याकाळपर्यंत ते कोणी स्वतःवर, कोणी दुसऱ्यावर खर्च करावेत असे सांगितले. दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी आढळले, मात्र रक्कम ५ होती की २० याने काही फरक पडला नाही. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की मदत आपणहून केलेली असावी, ज्याला केली त्याच्याशी काही नाते जुळावे आणि तिचा उपयोग झालेला आपल्याला दिसावा, तर हा आनंद अधिक मिळतो. माझ्या वहीत या तिन्ही गोष्टी होत्या, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते इतकेच. म्हणून सक्तीने, लोकलाजेस्तव किंवा नाही म्हणता येत नाही म्हणून केलेल्या मदतीने तुला थकवा आला, तर स्वतःला स्वार्थी ठरवू नकोस. तसा थकवा येणे स्वाभाविक आहे, आणि अशा वेळी नम्रपणे नाही म्हणणे हाही दयेचाच भाग आहे, कारण चिडलेल्या मनाने दिलेला आधार घेणाऱ्यालाही बोचतो.

तुझ्या विभागात दिवसाला तीस-चाळीस माणसे येत असतील. सर्वांचे ऐक, पण रोज एका माणसाचे एक काम शेवटपर्यंत ने, आणि ते पूर्ण झाले की नाही हे स्वतः पाहून घे. जत तालुक्यातल्या ज्या आजोबांविषयी तू इतके कळवळून लिहिले आहेस, त्यांच्या दुःखाचे वर्णन पत्रात दोन पाने आहे, परंतु त्यांचे कोणते कागद अडले आहेत आणि त्यांना गावी न्यायला कोण येणार आहे, याविषयी एक ओळही नाही. उद्या सकाळी प्रथम त्यांच्या खाटेपाशी जा, त्यांना एवढे दोनच प्रश्न विचार, आणि उत्तर काय मिळाले ते मला कळव.

तुझा,
सर