पिशवी काढायची तारीख ठरली होती

“दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं तर आधीच्या डॉक्टरांना राग येईल का?” हा प्रश्न बायका बहुतेक वेळा निघताना, चपला पायात घालता घालता विचारतात. अमळनेर तालुक्यातल्या या ताईंनी तो बसल्या बसल्याच विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वय ४१, मुलं दोन, घरी कापसाची शेती. वर्षभर पाळीत अंगावरून खूप जायचं, गुठळ्या पडायच्या. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या भिंतीत पाच सेंटीमीटरची फायब्रॉइडची गाठ निघाली. एका खासगी दवाखान्यात सांगितलं, “मुलं झाली, आता पिशवीचं काय काम? काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर व्हायचा.” वेचणीच्या आधीची तारीखही ठरली. सासूबाईंची पिशवी काढलेली, जावेचीही, त्यामुळे घरात कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. “माले काही सुचत नही, ताई,” एवढं बोलून त्यांनी फाईल माझ्यापुढे सरकवली.

मी डॉक्टर नाही. गाठ काढा किंवा ठेवा हे मी सांगत नाही. फाईल मात्र सोबत बसून वाचते. रक्ताच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन ७.८ होतं. दम लागतो, जिना चढवत नाही, हे सगळं त्या वयावर ढकलत होत्या. पोट उघडण्याआधी हे रक्त कसं वाढवणार, याबद्दल त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

आधी कॅन्सरची भीती काढावी लागली, कारण ती मनात असली की पुढचं काही कानात शिरत नाही. फायब्रॉइड ही स्नायूंची साधी गाठ असते. तिच्यात कॅन्सर निघणं फारच दुर्मीळ, आणि पाळी गेल्यावर ती बहुधा आपोआप आकसते. पण चाळिशीनंतर असा रक्तस्राव होत असेल तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला हवा का, हे विचारायलाच हवं. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलं, किंवा रक्त जाताना चक्कर येऊ लागली, तर मतांच्या फेऱ्या मारत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

मग रिपोर्टच्या पाकिटावरच आम्ही प्रश्न लिहिले. गाठ आतल्या पोकळीत शिरली आहे का? गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या तांबीने रक्तस्राव आटोक्यात येईल का? नुसती गाठ काढता येईल का? आणि पिशवी काढायचीच झाली, तर अंडाशय ठेवणार का? या शेवटच्या प्रश्नावर त्या थबकल्या. सासूबाईंची अंडाशयं काढली की ठेवली, हे खुद्द सासूबाईंनाही माहीत नव्हतं. कमी वयात ती काढली तर पाळी एकदम बंद होते, अंगातून वाफा निघतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. माझ्या मते ऑपरेशन करू की नको, याच्याही आधी हे विचारलं पाहिजे.

राग येण्याबद्दल सांगायचं तर, दुसरं मत घेणं हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतच नोंदवलेला हक्क आहे. कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावीत, असा २००२ चा वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. तरी दवाखान्यात जाऊन कायदा बोलू नये, काम अडतं. “घरच्यांना एकदा दाखवायचंय, सगळे रिपोर्ट द्या,” एवढं पुरतं. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे स्त्रीरोग विभागात दाखवता येतं. रांग लागते, अर्धा दिवस मोडतो.

ताईंचे यजमान रजिस्टरवर नाव घालायला पहाटेच निघाले. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांना सरळ चूक ठरवलं नाही. पिशवी काढणं हा एक मार्ग आहेच, म्हणाल्या, पण या रक्तावर घाई नको. अस्तराचा रिपोर्ट साधा आला. लोहाची इंजेक्शनं दिली, पाळीच्या दिवसांपुरत्या रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या दिल्या. गाठ पोकळीत शिरलेली नव्हती म्हणून हार्मोनची तांबी बसवली. पहिले काही महिने थोडं थोडं डाग लागणं चालूच राहिलं, तेव्हा सासूबाईंनी “काढून टाकली असती तर सुटली असतीस” हे ऐकवलंच. पुढे स्राव उतरला, हिमोग्लोबिन ११ वर गेलं. गाठ आहे तेवढीच आहे, आणि त्रास वाढला तर ऑपरेशनचा विचार पुन्हा होईल, हे ताईंना ठाऊक आहे.

पहिल्या डॉक्टरांकडे त्या मुलाच्या तापासाठी गेल्या, तेव्हा त्यांनीच विषय काढला. ताईंनी घडलं ते सांगितलं. त्यांनी कागद चाळले, “बरं, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्या,” म्हणाले आणि मुलाला तपासायला घेतलं.