तिप्पट फंड घ्यायच्या आधी

"माझे पैसे, माझी जोखीम, मग नियामक मध्ये कशाला?" शेअर निर्देशांकाच्या रोजच्या चालीच्या तिप्पट हलणाऱ्या फंडांबद्दलचा तुझा हा प्रश्न रास्त आहे. पण आधी कागद-पेन घे.

निर्देशांक १०० वरून ९० झाला, दुसऱ्या दिवशी परत १००. तिप्पट फंड पहिल्या दिवशी ३० टक्के पडून ७० वर आला, दुसऱ्या दिवशी ३३.३३ टक्के चढूनही ९३ च्या आसपासच. बाजार होता तिथेच, तुझे शंभरातले जवळपास सात गेले. तिप्पट होते ती रोजची चाल, वर्षाची नव्हे. नवखे इथेच फसतात.

आणखी दोन चुका टाळ:
- फंड पडला की आणखी घेत जाऊन खरेदीची सरासरी किंमत खाली आणणं
- उसने किंवा फीचे पैसे लावणं

५ फेब्रुवारी २०१८ ला अमेरिकेत एक्सआयव्ही ही नोट (बाजारात विकली जाणारी, बाजाराची अस्थिरता वाढली की पडणारी गुंतवणूक) एका दिवसात ९० टक्क्यांहून जास्त बुडाली. तिथल्या एसईसीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) २०२० मध्ये नव्या फंडांना साधारण दुपटीची मर्यादा घातली. जुने तिप्पट फंड तसेच राहिले. माझ्या मते सरसकट बंदी नको, पण खरेदीआधी वरचं गणित सोडवायला लावणारी छोटी चाचणी हवीच.

तू सध्या निर्देशांकाइतकाच हलणारा साधा इंडेक्स फंड घे. तिप्पटची चाल सहा महिने वहीत लिहून बघ.