ईआरजे-145, ई-175 की एटीआर: पहिलं विमान कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) हातात आहे, उड्डाणाचे तास जेमतेम 200 च्या वर, घर कोपरखैरण्याला. एक विमान कंपनी ईआरजे-145 आणि ई-175 या एम्ब्रेअर बनावटीच्या दोन जेटपैकी एक निवडायला सांगते आहे, दुसरीकडे एटीआर, म्हणजे पंख्याचं (टर्बोप्रॉप) विमान, मिळतंय. ओढा अर्थातच जेटकडे आहे.

मी ठाण्याचा, घोडबंदर रोडला राहतो. सुरुवात एटीआरवर केली, आता एअरबस 320 वर आहे. त्यामुळे माझा कल कुठे असणार हे धरूनच वाचा.

जेटची ओढ मला कळते. मला नोकरी लागल्याचे पेढे वाटून आठवडा झाला नव्हता, तर शेजारच्या काकू आईला विचारून गेल्या, "पंख्याचं विमान चालवतो म्हणे? मोठं नाही मिळालं?" रात्री ताट वाढताना आईनेही हळूच तेच विचारलं.

आधी दोन जेटचं बघू. ईआरजे-145 म्हणजे 50 सीटची लांबलचक नळी, एका बाजूला एक सीट, दुसऱ्या बाजूला दोन, इंजिनं शेपटीजवळ. ऑटोथ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, नाही. वेग तुमच्या हातात आणि खाली उतरण्याचं गणित तुमच्या डोक्यात: हजार फुटांमागे तीन मैल, म्हणजे 30 हजार फूट उतरायचं तर साधारण 90 मैल आधी सुरुवात, वर वेग कमी करायला थोडे मैल. दोन वर्षं हे केलं की हात असा बसतो की पुढे कुठलंही विमान द्या. ई-175 त्यापेक्षा खूपच आधुनिक. ऑटोथ्रॉटल आहे, बराचसा भाग फ्लाय-बाय-वायर (विजेच्या संदेशांवर चालणारी नियंत्रणं), 41 हजार फुटांपर्यंत जातं. शिवाय ई-170 पासून ई-195 पर्यंत टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान चालवण्याची परवानगी, एकच. शिकायला ईआरजे चांगलं, पण ते विमान जगभर निवृत्तीच्या वाटेवर आहे. या दोघांतच निवडायचं असेल तर डोळे मिटून ई-175 घ्या.

पण मी दोघांतच निवडणार नाही. टाइप रेटिंग त्या विमानापुरतंच असतं. कंपनी बसली तर ते रेटिंग घेऊन जायचं कुठे, हे सही करण्याआधी विचारायला हवं. आपल्याकडे एम्ब्रेअरचा इतिहास बघा. पॅरामाउंट एअरवेजने 2005 मध्ये ई-170 मालिका आणली. त्यामागे हिशेब पक्का होता: 80 पेक्षा कमी सीटच्या विमानाला लँडिंग चार्ज माफ, आणि 40 टनांच्या आतल्या विमानाच्या इंधनावर विक्रीकर फक्त 4 टक्के. एवढा हिशेब जमूनही 2010 मध्ये ती थांबली. मग 2013 मध्ये एअर कोस्टा आली, 2017 मध्ये तीही थांबली. मधल्या तीन वर्षांत हे रेटिंग असलेल्याने देशात काय करायचं? आज स्टार एअर ही विमानं उडवते. उलट एटीआर उडवणारी ट्रूजेट 2022 मध्ये बंद पडली तेव्हा एटीआरवाल्यांसाठी निदान इंडिगो आणि अलायन्स एअरची दारं होती. एकट्या इंडिगोकडेच चाळीसहून जास्त एटीआर आहेत.

एटीआरची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पावसाळ्यात मला शिव्या द्याल. त्याची कमाल उंची 25 हजार फूट. जून ते सप्टेंबर आपल्याकडे 16-18 हजार फुटांच्या वर पाणी गोठायला लागतं, म्हणजे तुम्ही नेमके बर्फ धरणाऱ्या ढगांत फिरता. जेट निदान बऱ्याच ढगांच्या डोक्यावरून जातं, तुम्ही रडार बघत वाट काढता. पंखांच्या कडेला बर्फ धरलाय का ते बघत बसायचं आणि वेग कधीही घसरू द्यायचा नाही. दिवसाला चार-चार सेक्टर (उड्डाणं), छोट्या धावपट्ट्या, आडवा वारा. सिम्युलेटरच्या दिवशी तर संध्याकाळी पाय दुखतात, कारण एक इंजिन गेल्याच्या सरावात रडर (शेपटीचं सुकाणू) पायाने दाबून धरावा लागतो तो काही नावापुरता नाही. पण वर्षभरात जेवढी लँडिंग माझ्या नावावर लागली, तेवढी थेट 320 वर गेलेल्या माझ्या बॅचमेटला तीन वर्षांत मिळाली नाहीत.

आता घर. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालाय आणि कोपरखैरण्याहून उलवे म्हणजे तुमच्या दृष्टीने अंगणातच. पण त्यावर स्वप्नं रचू नका. रिजनल विमानांचे बेस बहुतेक हैदराबाद, बंगळुरूकडे पडतात. माझी पहिली तीन वर्षं हैदराबादला चौघांच्या फ्लॅटमध्ये गेली, आणि ठाण्याला यायचो ते धुण्याचे कपडे घेऊन.

तेव्हा एटीआरवाल्यांना आज फोन करा आणि दोन गोष्टी विचारा: बाँड (ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा आहे, आणि कंपनीच थांबली तर त्या बाँडचं काय होतं. दुसरं उत्तर लेखी मागा. मी मागितलं नव्हतं, आणि ते मला महागात पडलं.