फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या ‘व्हेतॉयचं चर्च, बर्फ’ या चित्राचा अर्थ कसा लावायचा? त्यातलं चर्च श्रद्धेचं प्रतीक आहे का?

प्रतीकापासून सुरुवात केलीत की चित्र हातातून निसटतं. आधी चित्रकार कुठे उभा आहे ते शोधा. व्हेतॉय हे फ्रान्समधलं, सेन नदीच्या वळणावरचं छोटं गाव. मोने १८७८ ते १८८१ तिथे राहिला. हे चित्र १८७८-७९च्या हिवाळ्यातलं आहे आणि ते पलीकडच्या, लाव्हाकूरच्या काठावरून दिसणारं दृश्य आहे. म्हणून आधी पाणी, मग काठ, मग घरं आणि सगळ्यांच्या वर चर्च. चर्च मधोमध आहे खरं, पण त्याच्या दगडाला वेगळा मान दिलेला नाही. शेजारच्या घरांचेच करडे-तपकिरी रंग त्यालाही आहेत. माझ्या मते चित्राचं मर्म इथेच आहे.

आता बर्फाकडे जवळून बघा. नुसता पांढरा फार थोडा सापडेल. त्यात निळसर, करड्या छटा मिसळलेल्या दिसतील. आभाळ झाकोळलेलं असलं की सावल्यांना धारदार कडा नसतात. त्यामुळे दृश्याची खोली, म्हणजे जवळचं-लांबचं, दाखवायचं काम उष्ण (तांबूस-पिवळसर) आणि शीत (निळसर) रंगांच्या फरकावर येतं. हे तपासायला मोबाइलवर चित्राची प्रत कृष्णधवल करून बघा. जे भाग एकमेकांत विरघळतात, तिथे उजेड-अंधार नव्हे, रंग काम करत होता. मग कुंचल्याचे फटकारे बघा: पाण्यात आडवे, झाडाझुडपांत उभे-तुटक. एक सावधगिरी मात्र हवी, छापील प्रतीत निळा अनेकदा भडक होतो. एकाच प्रतीवरून रंगाबद्दल ठाम विधान करू नका. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे, तिथली प्रत प्रमाण धरा.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ‘पत्नीच्या मृत्यूचं दुःख बर्फात उतरलंय’ असं लिहिणं. कामीय वारली ५ सप्टेंबर १८७९ रोजी, म्हणजे हा हिवाळा सरल्यावर. ती आजारी होती, घरात पैशांची चणचण होती, हे लिहिता येईल. शोक मात्र नाही.

श्रद्धेच्या प्रश्नावर १९०१ची चित्रं शेजारी ठेवा. मोने पुन्हा लाव्हाकूरच्या काठावर आला आणि त्याने हेच गाव, हेच चर्च वेगवेगळ्या उजेडात परत परत रंगवलं. त्या चित्रांत चर्च जागचं हलत नाही, बदलतो तो त्याच्यावरचा प्रकाश.