पोलो 1.0 टीएसआयसाठी तयार स्टेज 1 रीमॅप घ्यावा की कस्टम करून घ्यावा?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: 2021 ची पोलो 1.0 टीएसआय मॅन्युअल, 48,000 किलोमीटर झालेली, वॉरंटी संपलेली, गाडीत बाहेरून काहीही बदललेलं नाही. राहायला वाई, नोकरी पाचगणीला, म्हणजे रोज पसरणी घाट. रीमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातली (ईसीयू) फाईल बदलून ताकद वाढवणं, आणि स्टेज 1 म्हणजे गाडीचा एकही भाग न बदलता केलेला रीमॅप. पुण्यातलं एक दुकान नावाजलेल्या परदेशी कंपनीची तयार स्टेज 1 फाईल टाकून देतंय. दुसरं दुकान ‘खास तुमच्या गाडीसाठी’ कस्टम रीमॅप करतो म्हणतंय आणि त्याचे जवळजवळ दुप्पट पैसे सांगतंय.

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुमच्या गाडीला तयार फाईल पुरेशी आहे. फक्त ती 95 ऑक्टेनसाठी (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग, म्हणजे अवेळी पेटून होणारी खडखड, टाळण्याची क्षमता) बनवलेली हवी आणि टाकणाऱ्याने आधीचा आणि नंतरचा लॉग (गाडी चालताना इंजिनाच्या आकड्यांची घेतलेली नोंद) काढून तुमच्या हातात दिला पाहिजे. दुप्पट पैसे तेव्हाच द्या, जेव्हा दुसरं दुकान तुमच्या गाडीचे लॉग वाचून फाईल पुन्हा पुन्हा दुरुस्त करणार असेल. तसं करणारी माणसं आहेत, पण ‘कस्टम’ म्हणून पाटी लावणाऱ्यांच्या मानाने फार थोडी.

मी कोल्हापुरात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो. रीमॅप विकत नाही, पण रीमॅप करून बिनसलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. मागे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या थोड्या अंतराने आल्या. दोघांची रीमॅपची दुकानं वेगळी, शहरंही वेगळी. एकाने स्वस्तातली तयार फाईल घेतलेली, दुसऱ्याने भरपूर पैसे मोजून कस्टम. दोन्ही ईसीयूमधून फाईल वाचून घेतल्या आणि शेजारी शेजारी उघडल्या. टॉर्क लिमिटर (टॉर्कची कमाल मर्यादा), बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), सगळे तक्ते सारखे. एका आकड्याचाही फरक नाही. दुसऱ्या मालकाला ते स्क्रीनवर दाखवताना मलाच वाईट वाटत होतं.

हे होतं कसं, तर दुकानातला मुलगा डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला टूल लावतो, मूळ फाईल वाचतो आणि इंटरनेटवरून एखाद्या फाईल सर्व्हिसला पाठवतो. तिकडे बसलेला माणूस सॉफ्टवेअर नंबर बघतो, त्याच नंबरची आधी बदललेली फाईल शोधतो आणि परत पाठवतो. चहा होईपर्यंत फाईल हजर. त्या माणसाने तुमची गाडी पाहिलेली नसते, तिचा आवाज ऐकलेला नसतो, वाईतल्या पंपावर कुठलं पेट्रोल मिळतं हे त्याला ठाऊक नसतं. याला तयार फाईल म्हणून तयार फाईलचेच पैसे घेतले तर माझी काही हरकत नाही. उलट एपीआर किंवा रेव्हो यांच्यासारख्या कंपन्या आपल्या फाईलवर मेहनत घेतात, एकाच इंजिनासाठी वेगवेगळ्या ऑक्टेनच्या आवृत्त्या ठेवतात, चुका सापडल्या तर नवीन आवृत्ती काढतात. फाईल सर्व्हिसकडून आलेली फाईल त्याहून कमी दर्जाची असू शकते, आणि कस्टमच्या नावाखाली तीच जास्त भावाने विकली जाते.

खरं कस्टम काम वेगळं दिसतं. पहिल्या दिवशी गाडी मूळ फाईलवरच चालवून लॉग घेतात. मग सौम्य अशी पहिली फाईल टाकतात, डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजणारं यंत्र) तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये 2,000 आरपीएमपासून वरपर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरने ओढतात, लॉग वाचतात, एखाद्या ठिकाणी टायमिंग एक डिग्री कमी करतात, दुसरीकडे बूस्ट थोडा उतरवतात, परत टाकतात, परत ओढतात. पुढच्या आठवड्यात तुमच्या रोजच्या रस्त्यावरचे लॉग मागवून आणखी एक आवृत्ती देतात. तुमच्या दुकानात हे सगळं होणार असेल तर दुप्पट भाव रास्त आहे.

आता तुमच्या रस्त्याचं. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पसरणी घाट आहे, आणि दोन्ही दुकानांनी त्याबद्दल तुम्हाला काहीच विचारलेलं दिसत नाही. पाचगणी समुद्रसपाटीपासून साधारण 1,300 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे 14 टक्के कमी असतो. टर्बो गाडीला ते जाणवत नाही असं आपण म्हणतो, पण ते जाणवू नये म्हणून टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. समजा फाईलने इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये 2.2 बार निरपेक्ष दाब मागितला. किनाऱ्यावर टर्बोला हवा 2.2 पट दाबायची असते, पाचगणीत त्याच दाबासाठी 2.5 पटीपेक्षा थोडी जास्तच. कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये यासाठी उंचीनुसार मर्यादा असतात. घाईने केलेल्या फाईलमध्ये त्या मर्यादा सरळ कमाल आकड्यावर नेऊन ठेवलेल्या असतात, म्हणजे असून नसल्यासारख्या. सपाटीवर गाडी मस्त पळते, घाटमाथ्यावर टर्बो रोज आपल्या आवाक्याबाहेर फिरतो. म्हणून दोन्ही दुकानांना पहिला प्रश्न हाच विचारा: उंचीवरची टर्बोची मर्यादा तुम्ही तशीच ठेवता का? उत्तर देताना समोरचा गोंधळला तर ते दुकान सोडा.

घाटाचा दुसरा मुद्दा खालच्या आरपीएमचा आहे. रीमॅप झाला की चढावर गिअर उतरवायचा कंटाळा येतो. चौथा गिअर, 1,500 आरपीएम, पुढे ऊस भरलेला ट्रॅक्टर, आणि पाय पूर्ण खाली. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांसाठी ही सगळ्यात घातक वेळ. कमी आरपीएम आणि जास्त भार असताना ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू शकतं, त्याला एलएसपीआय म्हणतात. ही साधी खडखड नव्हे, एका झटक्यात पिस्टनचा कडा तुटू शकतो. चांगल्या फाईलमध्ये 2,000 च्या खाली टॉर्क हळूहळू चढवलेला असतो. ‘खालूनच जबरदस्त पिकअप’ अशी जाहिरात करणाऱ्या फाईलपासून तुम्ही तरी लांब राहा. फाईल कितीही चांगली असली तरी घाटात तिसरा टाका, इंजिन 2,500 च्या आसपास ठेवा. इंजिन ऑईलही कंपनीने सांगितलेल्या व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) मानांकनाचंच घाला, कारण एलएसपीआयवर ऑईलमधल्या रसायनांचा थेट परिणाम होतो.

पेट्रोलचं गणितही गेल्या काही वर्षांत बदललंय. बीएस6 आलं तेव्हा साधं पेट्रोल 91 ऑक्टेनचं होतं. आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं किमान ऑक्टेन 95 धरलेलं आहे. नॉकिंगच्या दृष्टीने हे चांगलंच. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत या मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी. तेवढं भरून काढायला इंजेक्टरला जास्त वेळ उघडं राहावं लागतं. मूळ गाडीत त्याला जागा असते, रीमॅपमध्ये त्यातली बरीच जागा आधीच वापरलेली असते. काही वर्षांपूर्वी युरोपातल्या 98 ऑक्टेनच्या, कमी इथेनॉलच्या पेट्रोलवर तपासलेली फाईल आज वाईतल्या पंपावरच्या पेट्रोलवर कशी वागेल हे लॉगशिवाय कुणीही सांगू शकत नाही. महाग पेट्रोल कायम भरायची तयारी असेल तरी फाईल 95 वरच चालेल अशी घ्या. टाकी रिकामी असताना समोर जो पंप येतो तोच आपला.

लॉगमध्ये काय बघायचं ते सांगतो, कारण हे तुम्हाला स्वतःला जमण्यासारखं आहे. तुमच्या इंजिनाला तीन सिलिंडर आहेत आणि ईसीयू नॉकिंग ऐकून प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगवेगळं मागे घेतं. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरच्या ओढीत हे तीन रकाने बघा. शून्य, शून्य, मधूनच एखाद्यात उणे दीड किंवा दोन डिग्री, हे चालतं, सेन्सर आपलं काम करतोय. पण एकच सिलिंडर 3,000 ते 4,000 आरपीएमच्या पट्ट्यात दर ओढीला उणे पाच-सहावर जात असेल तर फाईल तुमच्या इंजिनाला किंवा पेट्रोलला झेपत नाहीये. तेवढं टायमिंग मागे गेलं की ताकद तर जातेच, उष्णता एग्झॉस्टमध्ये आणि टर्बोत जाते. मालकाला मात्र ‘दुपारी गाडी जरा जड वाटते’ एवढंच कळतं. त्याच लॉगमध्ये मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट यांच्या रेषा एकमेकींना धरून चालल्या पाहिजेत. इनटेक हवेचं तापमानही बघा. तुमच्या इंजिनाचा इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा थंड करणारा भाग) पाण्याने थंड होणारा आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. एका ओढीत तो छान काम करतो, पण लागोपाठच्या चढणीत ते पाणीच तापत जातं. म्हणून डायनोवरच्या एका थंड ओढीवर समाधान मानू नका. एप्रिलच्या दुपारी घाट चढून वर पोचतानाचा, तुमच्या नेहमीच्या चालवण्यातला लॉग हवा.

कस्टमची खरी गरज केव्हा, तर गाडी कंपनीने दिली तशी उरलेली नसेल तेव्हा. मोठा टर्बो, वेगळा डाउनपाईप (टर्बोनंतरचा एग्झॉस्ट पाइप), वेगळे इंजेक्टर. अशा गाडीसाठी तयार फाईल बनवणाऱ्याने ज्या गाडीवर चाचणी केली ती तुमची नव्हेच. गिअरबॉक्सचीही बाजू आहे. जुन्या पोलो जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा डीक्यू200 हा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) होता, त्याची क्षमता 250 न्यूटन मीटरची. तिथे टॉर्कचं टोक कापून वरच्या आरपीएममध्ये ताकद पसरवणारी खास फाईल करून घेणं शहाणपणाचं. तुमची मॅन्युअल आहे, मूळ 110 पीएस आणि 175 न्यूटन मीटर. रीमॅपनंतर आधी तक्रार करेल तो क्लच. घाटात रोज हाफ क्लचवर चालणाऱ्या 48,000 किलोमीटरच्या क्लचला वाढीव टॉर्क झेपेल का, हे पैसे देण्याआधी तपासा: सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 2,000 वरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर आरपीएमचा काटा वर पळाला आणि गाडी तशी उचलली नाही, तर क्लच सरकतोय. मग रीमॅप आत्ता नको.

तयार फाईल घेऊन जे पैसे वाचतील त्यातून आधी स्पार्क प्लग बदला, इग्निशन कॉइल तपासून घ्या, बूस्टच्या पाइपांना कुठे गळती नाही ना ते बघून घ्या. स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड शिल्लक नको. आणि मूळ फाईलची प्रत पेन ड्राइव्हवर मागून घ्या, तुमच्या ईसीयूतून वाचलेली. सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट मारलं तर रीमॅप पुसला जातो हेही लक्षात ठेवा, आणि त्यांच्या स्कॅनरवर फाईल बदललेली असल्याचं कळू शकतं.

कायद्याचं स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवर नोंदलेले, कंपनीने ठरवलेले मूळ तपशील बदलतील असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम ठामपणे उचलून धरलंय. बेकायदा फेरफारासाठी मालकाला कलम 182अ खाली दंडाचीही तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल मोठ्या अपघाताच्या क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. दोन्ही दुकानं हे सांगणार नाहीत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा किंवा त्याचा सेन्सर फाईलमधून बंद करायचा असा सल्ला कुणी दिला तर तिथून सरळ निघा. पाचगणीची हवा तुम्हीच रोज घेताय.

आता दोन्ही दुकानांना एकच मागणी करा: फाईल टाकण्याआधीचा एक आणि नंतरचा एक लॉग, त्यात आरपीएम, तिन्ही सिलिंडरचं मागे घेतलेलं टायमिंग, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, इनटेक तापमान, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलच्या मात्रेत केलेली दुरुस्ती). जे दुकान देईल त्याच्याकडे जा, मग ते तयार फाईलवालं असो की कस्टमवालं. दोघंही तयार असतील तर तयार फाईल घ्या. लॉग हाती आले की इथेच खाली टाका. मी रकाना न रकाना वाचून काय दिसतंय ते सांगतो, आणि काही खटकलं तर त्याच दुकानाकडून काय बदलून मागायचं तेही लिहून देतो.